आबा मैदान निवडतात

सकाळी सहाला मागच्या गायरानातून "म्हशी, हटो!" अशी आरोळी आली की मी चहाचं आधण ठेवते. घड्याळ बघावं लागत नाही. आरोळीपाठोपाठ टक् असा आवाज होतो आणि पांढरा चेंडू बाभळीकडे जातो. गावच्या म्हशी आता शिकल्या आहेत, आरोळी झाली की आपल्या आपण बाजूला होतात. कुणी नवी म्हैस विकत आणली तर ती तेवढी आठवडाभर गोंधळते.

हे आमचे शेजारी, सुभेदार आबा. कोरेगावजवळच्या आमच्या गावात ऊस आणि फौजी घरोघरी आहेत, पण गोल्फ खेळणारा माणूस एकच. पलटणीत असताना साहेब लोकांच्या गोल्फच्या मैदानाची देखभाल आबांकडे होती. गवत राखता राखता ते खेळही शिकले. एका साहेबांनी बदली होताना जुन्या काठ्यांची पिशवी त्यांना दिली. ती देव्हाऱ्याशेजारी असते, दसऱ्याला तिला झेंडूचा हार असतो. तिला हात लावायची कुणाला परवानगी नाही.

"पोझिशन काय?" हे आबांचं ठरलेलं बोलणं. पाहुण्याला, आजाऱ्याला, चुलीवरच्या आमटीला, सगळ्यांना हेच. त्यांच्या मालकीण जिजी एकदा म्हणाल्या, "आमटी म्हणती, मीठ कमी हाय. रिपोर्ट संपला."

निवृत्त झाल्यापासून आबांचा एकच बेत. तीन दिवस काढायचे, एक चांगलं मैदान गाठायचं आणि पोटभर खेळायचं. सोबतीला पलटणीतले मित्र, आष्ट्याचे गुलाबभाई. त्यांचं आता फर्निचरचं दुकान आहे. दर साली बेत व्हायचा, मैदान ठरायचं नाही, तोवर उसाची तोड यायची. असं सात वेळा झालं. यंदा गुलाबभाईंनी फोनवरच दम दिला, "सुभेदार, तोड यायच्या आत ठरलं न्हाई, तर माजं नाव काट. हातपाय चालत्यात तवर खेळू दे की रं!"

मग आबांनी शंभर पानी वही आणून माझ्यापुढे ठेवली. त्यांचं स्वतःचं अक्षर त्यांनाच लागत नाही. माझी शाळा चौथीपर्यंतच, पण अक्षर बरं आहे. आबा नोकरीत होते तेव्हा त्यांची पत्रं जिजींना मीच वाचून दाखवायची. पत्रात खुशाली दोन ओळी आणि बाकी सगळं गवत. शेवटी ठरलेलं, "तुला येकदा हितलं गवत दाखवायचं हाय." जिजी म्हणायच्या, "मी काय म्हस हाय व्हय?"

आता आबा फोन लावून आवाज मोठा करायचे आणि मी लिहायची. पलीकडचा माणूस हौसेनं चेंडू घालायचे अठरा खड्डे, तळं, परदेशी गवत सांगायचा. आबा ऐकून घ्यायचे आणि विचारायचे, "ते ऱ्हाऊ द्या. चढ किती हाय? खड्ड्याखड्ड्याला बसाय बाक हाय का? बॅटरीच्या गाडीची पायरी किती उंच?"

"सर, तुम्ही खेळायलाच येणार ना?"

"मग काय नांगरायला?"

फोन ठेवला की निकाल लागायचा. "सुमन, लिही. गवत झकास, चढ लय. नापास." "तळं देखणं, बाक दोनच. नापास."

एक मैदान पास व्हायच्या बेतात होतं. ते बघायला आबा एसटीनं स्वतः गेले. गेले ते सरळ खड्ड्याभोवतीच्या गालिच्यासारख्या गवतावर उकिडवे बसले आणि पेरभर बोट मातीत खुपसलं. उसाला पाणी द्यायचं का नाही, हे आमच्याकडे असंच बघतात. राखणदार शिट्टी फुंकत धावला. आबा बोट पुसत म्हणाले, "ओल लय धरलीया. माणूस घसरंल. पोझिशन खराब." दोघांनी त्यांना दंडाला धरून फाटकाबाहेर काढलं. घरी येऊन आबा सांगतात, "मान दिला गड्यांनी. गेटापतूर सोडाय आलं."

गुलाबभाई वही बघायला आले आणि पेटलेच. "अरं, मैदान बघतुयास का सोयरीक? समद्यात खोड! तोड आठ दिसावर आलीया!"

"ठरतंय, ठरतंय."

जिजी एका हातानं भिंत धरून चहा घेऊन आल्या. "जाऊ द्या की भाईजी. मला हितनं चुलीपतूर जायाचं तर दोनदा ठरवावं लागतंय. त्येंचं तर लांबचं हाय."

सगळे हसलो. आबा तेवढे बशीत बघत राहिले.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांनी मला हळूच सांगितलं, "जिजीच्या पावलाचं माप काढ. तिला कळाय नगं." जिजी आडव्या झाल्या होत्या. मी वहीचं पान तळव्याला लावून पेन्सिल फिरवली. "मुंगी हाय का गं?" म्हणत त्यांनी पाय झटकला आणि करंगळी चित्रात जरा लांबच निघाली. खोडायला वेळ नव्हता.

शेवटी एक मैदान पास झालं. जुनं, तळहातासारखं सपाट, चिंचेची सावली, प्रत्येक खड्ड्याला बाक. फोन ठेवायच्या आधी आबांनी विचारलं, "लुगड्यावर आत सोडता का?"

"सोडतो की. फक्त चपला चालत नाहीत."

गुलाबभाई फोनवर ओरडले, "नऊच खड्डं?"

"दोनदा खेळ. अठरा हुत्यात."

निघायच्या आदल्या दिवशी सहा वाजून गेले तरी आरोळी आली नाही. मी मागचं दार उघडलं. गायरानात जिजी उभ्या होत्या. लुगडं जरा वर खोचलेलं, पायात पांढरेशुभ्र कॅनव्हासचे बूट, आणि देव्हाऱ्याशेजारच्या पिशवीतली काठी उलटी धरून त्या तिच्यावर भार देऊन चालत होत्या. दुसरा दंड आबांनी धरला होता. चेंडू कुठे दिसत नव्हता.

दहा पावलं झाली. आबा थांबले.

"पोझिशन काय?"

जिजींनी खाली पायाकडे बघितलं, मग लांब बाभळीपर्यंत बघितलं.

"करंगळीकडं सैल हाय," त्या म्हणाल्या. "चला म्होरं."

आरोळी झालीच नव्हती, तरी म्हशी बाजूला झाल्या होत्या.