बशीरचाचांची घंटी-परीक्षा

मॅट्रिकचा निकाल लागला की मेहकरात लोक आधी देवळात जायचे आणि तिथून थेट बशीरचाचांच्या सायकल दुकानात. पेढा पुढे केला तरी चाचा तोंड उघडत नसत. सायकलची घंटी खोलून सारे तुकडे पोरासमोर ओतायचे आणि म्हणायचे, "जोड बे. मंग पेढा!"

घंटी धड जोडली, तर पोरगा आयटीआयला. तुकडे पाहूनच घाम फुटला, तर "याले कालेजात टाका, याच्यानं दुसरं काही होत नाही." मोठमोठे जमीनदार बाप टोपी हातात धरून हा निवाडा ऐकायचे.

माझी घंटी वाजली, पण दोन वायसर हातात उरले. चाचा खूश! "तू गुर्जी हो. काही उरलंसुरलं तं पोरं घरून शिकून येतीन." आणि काय सांगू, मी खरंच गुरुजी झालो. पोरांना विचारू नका कसा ते.

चाचांचा एकुलता एक हनीफ मॅट्रिक झाला, तेव्हा मात्र घंटी निघालीच नाही. अख्ख्या गावाला ठाऊक होतं, हनीफचा हात बापाहून सवाई. विहिरीवरचं इंजिन बंद पडलं की शेतकरी चाचांना सोडून त्याला घेऊन जायचे. पण चाचांचं एकच पालुपद, "माह्या पोराचे हात काळे नाही झाले पाह्यजे. तो खुर्चीवर बसंल." पोरानं नुसत्या पान्याला हात लावला तरी ओरडायचे, "धू आधी!"

हनीफ आयटीआयचा फॉर्म घेऊन माझ्याकडे आला. "गुर्जी, अब्बाले तुम्ही सांगा ना. तुमचं ऐकतीन ते."

मी काय म्हणावं? "वडलांच्या शब्दाबाहेर जाऊ नये रे." वा रे माझं शहाणपण! आजही आठवलं की स्वतःचीच लाज वाटते. फॉर्मची मुदत गेली. हनीफ कॉलेजात गेला आणि नागपूरच्या एका कचेरीत कारकून झाला. त्याची पत्रं दोन ओळींची. चाचा ती मला वाचायला द्यायचे आणि विचारायचे, "काऊन बे, मागच्या बाजूनं काही नाही लिहेल?"

यंदा ईदेला हनीफ आला. दुपारी मी भेटायला गेलो, तर दुकानाच्या दोनच फळ्या काढलेल्या. आत हनीफ पांढऱ्या शर्टाच्या बाह्या सारून जमिनीवर बसला होता, पुढ्यात एक वाकडं चाक. ते फिरवत तो स्वतःशीच काहीतरी गुणगुणत होता. त्याला असं गुणगुणताना मी कितीतरी वर्षांत ऐकलं नव्हतं.

दाराशीच बाजेवर चाचा डोळे मिटून पडले होते. झोपलेत असं वाटून मी हाक मारणार, एवढ्यात त्यांनी डोळे न उघडताच माझं मनगट धरलं.

"बोलू नको," ते कुजबुजले. "दोन घंटे झाले, असाच पडून आहो. मी उठलो का तो हात धुते."