उपाशी मेंढ्यांचं प्रात्यक्षिक

मेंढ्यांना काय चारावं, हे मला विचारा! खरंच विचारा, कारण आमच्या घरात कोणी विचारत नाही. विमा कचेरीत लोकांना धोक्याची जाणीव करून देण्यात अर्धं आयुष्य घालवल्यावर मी नोकरी सोडली आणि घरामागच्या उतारावर कुरण केलं. साधंसुधं गवत नव्हे! लसूणघास, बरसीम आणि मधूनमधून चिकोरी. या चाऱ्यानं मेंढी अंग धरते, जमिनीचा कस वाढतो, चिकोरीची मुळं खोल जातात म्हणून ती उन्हातही हिरवी राहते, हे सगळं मी येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवत असे. पोस्टमन तर आमची पत्रं कुंपणावरूनच टाकून पळायचा.

अडचण एकच होती. कुरण होतं, मेंढ्या नव्हत्या. मेंढ्या होत्या सासऱ्यांकडे. गुडघ्यांमुळे त्यांना कळपामागे फिरणं जमेना, म्हणून कळप एका जावयाच्या हवाली करायचं त्यांनी ठरवलं. एक जावई मी आणि दुसरा माझा थोरला साडू, ज्याचा जन्म मेंढ्यांत गेला आणि ज्याच्या मते माझं कुरण म्हणजे नुसती भाजीची वाडी!

शनिवारी संध्याकाळी सासरे ट्रकमधून कळप घेऊन आले. "जावईबापू, सकाळी तुमच्या त्या हिरवळीत सोडून बघू. मानवलं तर कळप इथेच. नाहीतर ट्रक तसाच थोरल्यांकडे जाईल."

"बाबा, बघाच तुम्ही!" मी म्हणालो.

झोपण्यापूर्वी बायकोनं विचारलं, "अहो, मेंढ्यांना वाळलेलं गवत टाकलंत ना?"

"हो हो," मी म्हणालो. टाकलं नव्हतं. मुद्दामच! पोट भरलेली मेंढी कुरणात सोडली तर ती इकडेतिकडे बघत उभी राहणार. उपाशी मेंढी कशी तुटून पडेल! सासरे बघतच राहतील! या विचारानं मी स्वतःवरच इतका खूश झालो की मला झोप लागेना.

सकाळी दव पडलेलं होतं. मी फाटक उघडलं आणि मेंढ्या अशा धावल्या की मला बाजूला व्हायलाही वेळ मिळाला नाही. मी उठून कपडे झटकेपर्यंत कुरणात फक्त कचाकचा आवाज येत होता.

"अरे वा!" सासरे खुर्चीतून म्हणाले. "काय आवडीनं खातायत!"

"चाराच तसा आहे, बाबा!"

तासाभरात मेंढ्या गोल दिसू लागल्या. सासऱ्यांची सगळ्यात लाडकी मेंढी, जिला ते राणीसाहेब म्हणत, ती तर दारातून आत येणार नाही एवढी रुंद झाली.

"जावईबापू, तासाभरात एवढी तब्येत?"

इथे मी गप्प बसायला हवं होतं. पण कौतुक समोर चालून आल्यावर मला कुठलं सुचतंय? "अहो, ही तर सुरुवात आहे! संध्याकाळी बघा!"

एवढ्यात स्वयंपाकघराच्या खिडकीतून बायको ओरडली, "अहो, त्यांची एकच बाजू का वाढलीय?"

मी नीट पाहिलं. खरंच, सगळ्यांची डावी बाजूच वर आली होती. राणीसाहेबांनी चरणं सोडलं होतं आणि त्या तोंड उघडं टाकून धापा टाकत होत्या. मी हळूच त्यांच्या कुशीवर टिचकी मारली. रिकाम्या डब्यासारखा आवाज आला.

बायकोनं तोवर डॉक्टरांना फोन लावलाही होता. "पोटफुगी!" ती धावत येत म्हणाली. "कुरणातून बाहेर काढा! तेल पाजा! चालवा! पुढचे पाय उंचावर ठेवा! डॉक्टर निघालेत, पण लांब आहेत!"

"काय झालं?" सासरे उठत म्हणाले.

"काही नाही बाबा! व्यायाम! चरून झालं की व्यायाम असतो!" माझ्या तोंडून निघून गेलं.

"मेंढ्यांना?"

"नवीन पद्धत आहे!"

मग जे सुरू झालं ते शत्रूवरही येऊ नये. बायको बाटलीनं तेल पाजत होती, मी मेंढ्यांचे पुढचे पाय उचलून पायरीवर ठेवत होतो, आणि एकीचे ठेवले की दुसरी उतरत होती. तेल निम्मं मेंढ्यांच्या पोटात, निम्मं माझ्या बाहीत आणि उरलेलं फरशीवर! मी घसरलो, माझ्यावर मेंढी घसरली. रात्री मुक्कामाला थांबलेला ट्रकवाला हसता हसता खाली बसला. शेवटी बायकोनं त्यालाही एक मेंढी धरायला लावली.

राणीसाहेब मात्र मान टाकून आडव्या झाल्या. सासऱ्यांनी व्यायामावरचा विश्वास केव्हाच सोडला होता. दुखरे गुडघे टेकून ते तिच्याजवळ बसले आणि तिची कूस चोळू लागले. "ऊठ गं बाळ," ते पुटपुटत होते. मला रडू यायचंच बाकी राहिलं होतं. आता कळप जाऊ दे खड्ड्यात, ही मेंढी तेवढी उठू दे, असं मला अगदी मनापासून वाटलं.

आणि राणीसाहेबांनी सासऱ्यांच्या तोंडासमोर असा ढेकर दिला, असा ढेकर दिला, की त्यांची टोपी हलली! मग दुसरा, मग तिसरा. मागोमाग सगळा कळप ढेकर देऊ लागला. एवढं गोड संगीत मी जन्मात ऐकलं नव्हतं!

डॉक्टर आले, तपासून म्हणाले, "वाचल्या सगळ्या. ओला पाला उपाशीपोटी खाल्ला की असं होतं. रात्री काय दिलं होतं?"

सगळे माझ्याकडे बघू लागले.

"काही नाही," मी म्हणालो. "बाबांसमोर आवडीनं खाव्यात म्हणून..."

बायकोनं कपाळाला हात लावला. सासऱ्यांनी टोपी सरळ केली. मग ट्रकवाल्याला म्हणाले, "तू जा. कळप इथेच राहील."

"बाबा!" मी उडालोच. "म्हणजे माझं कुरण तुम्हाला पटलं?"

"कुरण चांगलंच आहे. पण तुमच्यापायी नाही ठेवत." ते बायकोकडे बघून म्हणाले, "थोरल्यांना मेंढ्यांतलं सगळं कळतं, पण ते बायकोचं ऐकत नाहीत. तुम्हाला काही कळत नाही, पण वेळ आली की तुम्ही ऐकता तरी!"

हे कौतुक होतं की अपमान, ते मला ठरवता येईना. बायकोला विचारावं म्हणून मी तिच्याकडे वळलो, तर ती म्हणाली, "आधी फरशीवरचं तेल पुसा."

पुसलं.