मानूस दाबायचा न्हाई

"मानूस दाबायचा न्हाई," म्हणून भर मांडवात कॅमेऱ्याचं तोंड झाकून बसणारा फोटोग्राफर तुम्ही पाहिला नसेल. आमच्या नेकनुरात आहे. मन्मथअप्पा. गावात मोबाइलचा टॉवर यायच्या आधी यांचा डिजिटल कॅमेरा आला, आणि त्याचा ताप आम्ही भोगला.

त्या कॅमेऱ्यात सोय होती. फोटो दाबून बारीक ठेवला की कार्डात शेकड्यानं मावायचे. मोठा ठेवला की तिसेकात कार्ड तुडुंब. अप्पा मोठ्यावरच अडून बसलेले. पासपोर्टचा फोटो मागा, भिंत झाकेल एवढा काढणार.

माझ्या बहिणीच्या लग्नात हे गृहस्थ सकाळपासून मागच्या रांगेतल्या म्हाताऱ्या टिपत हिंडले. नवरी ताटकळली आहे आणि हे माझ्या आईला पदर सारखा करायला सांगताहेत. अंतरपाट सरला, हार घालायची वेळ आली, तेव्हा म्हणाले, कार्ड भरलं. मी म्हटलं, मग बारीक करा की. तर माझ्यावरच डाफरले. हार घालतानाचा एकही फोटो नाही. बहीण रडत सासरी गेली ती त्यासाठीसुद्धा.

दुसऱ्या दिवशी मी भांडायलाच दुकानात गेलो. तोंडाला येईल ते बोललो. अप्पांनी शांतपणे कॉम्प्युटरवर आई दाखवली. मागच्या रांगेतली, पण मोठी करत नेली तरी हनुवटीवरचं गोंदण स्पष्ट.

"ही जपा. फुडं लागंल."

आमच्याकडे म्हातारं माणूस गेलं, की कुणाच्या तरी लग्नातल्या फोटोतून त्याचा चेहरा कापून काढतात आणि त्याला हार घालतात. माझं डोकंच फिरलं.

"आई धडधाकट हाय माझी. काहून अभद्र बोलता?"

अप्पांनी भिंतीकडे बोट केलं. हार घातलेली फ्रेम होती. आत चेहरा नव्हता. नुसते मातकट चौकोन, त्यात एक लाल.

"आमची मंडळी. भाच्याच्या बारशात मागं हुबी व्हती. लई फोटो मावावेत म्हनून मीच दाबला. दुसरा न्हाई."

मला फार वाईट वाटलं, आणि बहिणीसाठी आलेला रागही जाईना. अप्पा उठले, काच धोतरानं पुसली आणि मला जवळ बोलावलं.

"हे कुकू. डोळे ह्याच्याखाली आसतील कुटंतरी."