एकही ट्रक नसलेला रस्ता

नकाशा वाचण्यात माझा हात धरणारा माणूस अजून जन्माला यायचाय! असं मी एकटाच म्हणतो, हे खरं. पण अजून कोणी खोडून काढलेलं नाही. पाणीपुरवठा खात्यात गेली अकरा वर्षं मी जलवाहिन्यांचे नकाशे काढतोय. त्यामुळे त्या सकाळी चहाच्या टेबलावर सासऱ्यांनी बॉम्ब टाकला, तेव्हा घरात एकटा मीच शांत होतो.

"रविवारी ताईकडे जातोय," सासरे म्हणाले. "सायकलने."

बायकोच्या हातातला कप हवेतच थांबला. सासऱ्यांचं वय सत्तर. ताई, म्हणजे बायकोच्या आत्या, राहतात शेजारच्या शहरात. अंतर अठ्ठावन्न किलोमीटर!

"बाबा, हायवेवर ट्रक असतात!"

"ट्रकांनाही कळू दे की मी असतो."

सासऱ्यांनी सारी हयात लेथ मशीनवर घालवलेली. मिलीमीटरचा दहावा भाग इकडचा तिकडे खपवून न घेणारा माणूस, तो शब्द काय फिरवणार? आत्यांच्या खुब्याचं ऑपरेशन झालं, तेव्हा सासऱ्यांनी बहिणीला सांगितलं होतं, "तू फाटकापर्यंत चालत आलीस ना, की मी सायकल मारत तुझ्या फाटकात येतो." आणि आदल्या दिवशीच आत्या वॉकर धरून फाटकापर्यंत गेल्या होत्या.

बायको माझ्याकडे वळली. "अहो, नकाशेवाले! एकही ट्रक नसलेला रस्ता शोधा. तरच बाबा जातील. आणि तुम्हीही सोबत जाल."

दुसरं वाक्य मला आधी सांगितलं असतं, तर पहिल्यावर मी छाती फुगवली नसती.

तीन संध्याकाळी उपग्रहाच्या फोटोंत डोकं घालून बसलो. हायवेवर ट्रक मुंग्यांसारखे. जुन्या रस्त्यावर खडी वाहणारे डंपर. आणि अचानक, दोन्ही शहरांच्या मध्ये, मला तो दिसला! रुंद, काळाभोर, लोण्यासारखा गुळगुळीत. दुतर्फा झाडी. वर एकही वाहन नाही. झाडीमुळे त्याचं पुढचं टोक नीट दिसत नव्हतं, पण रस्ता आहे म्हणजे कुठेतरी जाणारच!

रविवारी बायको बसने पुढे गेली. आम्ही सकाळी सहाला निघालो. बारा किलोमीटर शेतातून काढल्यावर एक फाटक आलं. गवत कापणाऱ्या ट्रॅक्टरसाठी ते सताड उघडं ठेवलेलं. शेजारी पाटी: "बाहेरील वाहनांना प्रवेश नाही."

"जावईबापू, पाटी वाचलीत का?"

"वाचली ना! ट्रकांना बंदी! म्हटलं नव्हतं मी?"

आणि काय सांगू तुम्हाला, त्या रस्त्यावर सायकल चालवत नव्हतो, तरंगत होतो! खड्डा नाही, हॉर्न नाही, कुत्रंसुद्धा नाही. वळणांवर रस्ता बाहेरून उचललेला, जणू आमच्यासाठीच कोणी पाठीला हात दिलाय. एक पिवळी केबिन मागे पडली. पुढे दुसरी पिवळी केबिन आली.

"ही मघाचीच केबिन," सासरे म्हणाले.

"बाबा, केबिनी एकाच साच्यातून काढतात."

तिसरी, चौथी, पाचवी पिवळी केबिन आली. प्रत्येकीच्या काचेला त्याच कोपऱ्यात तसाच तडा होता.

"तडासुद्धा साच्यातून काढतात का?"

"ऊन लागलं की काच तिथेच तडकते," मी शास्त्रीय स्वरात सांगितलं.

इतक्यात बायकोचा फोन. मी सायकलच्या मीटरकडे पाहिलं. बेचाळीस! "बेचाळीस किलोमीटर झाले! फक्त सोळा उरले! तासाभरात फाटकात!"

पलीकडे आनंदाचा गदारोळ झाला. आत्यांनी वॉकर मागवला, शेजारणीला हाक मारली, वरच्या मजल्यावरच्या दाताच्या डॉक्टरांनाही बोलावलं. "सगळे फाटकात उभे राहतोय हो!" असं सांगून बायकोने फोन ठेवला.

मी खूश होऊन फोन खिशात टाकतोय, तोच मागून बारीक "सूंऽऽ" असा आवाज आला. वळून पाहिलं. एक पांढरी मोटार. वेगात, सरळ आमच्या दिशेने!

"बाबा, कडेला व्हा!"

मी हात हलवले. मोटार वळली नाही. मी ओरडलो. मोटारीला फरक नाही. मग मी आत पाहिलं. ड्रायव्हरच्या जागेवर कोणी नव्हतं! स्टीअरिंग आपलं आपण फिरत होतं!

"बाबा, हिच्यात माणूसच नाही हो!"

मी डोळे मिटले. टायर किंचाळले. मग शांतता. डोळे उघडले, तर मोटारीचं नाक माझ्या मागच्या चाकापासून वीतभर अंतरावर!

सासरे सायकलवरून उतरले, वाकले आणि बोटांनी अंतर मोजू लागले. "साधारण दोनशे मिलीमीटर," ते म्हणाले. पण हात थरथरत होता. त्या हाताला थरथरताना मी प्रथमच पाहिलं, आणि मला मोटारीपेक्षा त्याचीच जास्त भीती वाटली. या माणसाला इथे आणलं होतं कोणी? मी!

पिवळ्या केबिनीतून चार माणसं टाळ्या वाजवत धावत आली. सर्वांत पुढे हेल्मेट घातलेली एक इंजिनिअरबाई. "वा! काय सुंदर पुतळे पाठवलेत! पाय हलतात, हात हलतात, हा तर घाम—" ती थबकली. तिने माझ्या दंडाला बोट लावलं. मी "आई गं" म्हणालो.

तिने जी किंकाळी फोडली, ती ऐकून माझीही बाहेर पडली. मग मागचे तिघे ओरडले.

खुलासा असा झाला. तो रस्ता म्हणजे मोटार कंपनीचा चाचणीचा ट्रॅक होता. सायकलस्वार दिसला की आपोआप थांबणाऱ्या गाडीची त्या दिवशी परीक्षा. त्यासाठी दोन पुतळे यायचे होते. ही मंडळी सकाळपासून आम्हाला कॅमेऱ्यावर बघत होती.

"सकाळपासून? मग थांबवलं का नाही?" मी कळवळलो.

"आम्हाला वाटलं, पुतळ्यांचा पुरवठादार स्वतःच तालीम घेतोय. पाच फेऱ्या झाल्या तुमच्या."

"फेऱ्या?" माझा आवाज लहान मुलासारखा निघाला. "हा रस्ता... गोल आहे?"

"सहा किलोमीटरचा. गोल."

सासऱ्यांनी पिवळ्या केबिनीकडे पाहिलं, काचेतल्या तड्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

इंजिनिअरबाईने आम्हाला आत नेऊन पाणी दिलं, सासऱ्यांना पंख्याखाली बसवलं. समोरच्या पडद्यावर गाडीला काय दिसलं, ते चाललं होतं. सासऱ्यांभोवती हिरवी चौकट आणि शब्द: "सायकलस्वार". माझ्याभोवती लाल चौकट: "अडथळा, बहुधा पिंप".

"सॉफ्टवेअरमध्ये सुधारणा करू," ती अजिजीने म्हणाली.

"नको," सासरे म्हणाले. "गाडी थांबली ना? मग बरोबरच आहे."

मग त्यांनी तिला आपला बेत सांगितला. ती हसली. "अहो काका, मी त्याच शहरातून रोज सायकलने येते! मोठ्या जलवाहिनीच्या कडेने देखभालीचा रस्ता आहे. सायकलला परवानगी आहे. ट्रक शिरूच शकत नाही. मागच्या फाटकातून निघा. सरळ छत्तीस किलोमीटर."

जलवाहिनी! ती निळी रेघ अकरा वर्षं मी माझ्या हाताने ओढतोय! तिच्या कडेला माणसं जाऊ शकतात, हे कधी डोक्यातच आलं नव्हतं.

फाटकात पोहोचलो तेव्हा साडेतीन वाजले होते. दाताचे डॉक्टर कंटाळून वर गेले होते. आत्या मात्र वॉकर धरून उभ्या होत्या. खुर्ची आणून ठेवलेली, पण बसल्या नव्हत्या.

"सोळा किलोमीटरला इतका वेळ?" त्यांनी विचारलं.

सासऱ्यांनी सायकल भिंतीला टेकवली, घाम पुसला. "जावईबापू सोबत होते ना," ते म्हणाले. "त्यांनी मला रस्ता दाखवला. पाच वेळा."

मग सगळं बाहेर आलं. ड्रायव्हर नसलेली मोटार, दोनशे मिलीमीटर, पिंप, सगळं! आत्या खुबा धरून हसल्या. बायको हसली नाही. तिने वडिलांचे दोन्ही हात धरले, बराच वेळ सोडले नाहीत. मग माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेला आपोआप थांबायची सोय नव्हती.

दुसऱ्या दिवशी परतीचा बेत तिने एकटीने ठरवला. सासरे जलवाहिनीच्या कडेने सायकलवर निघाले. ट्रॅकपर्यंत सोबतीला ती इंजिनिअरबाई, कारण ती कामावर निघालीच होती. आणि मी? मी बायकोशेजारी, बसमध्ये; माझी सायकल टपावर. तिकीट तिने काढलं, खिडकीची जागा तिने घेतली. बस हलल्यावर मी कंडक्टरला विचारलं, ही कोणत्या रस्त्याने जाते?

"तुम्ही गप्प बसा," बायको म्हणाली.