शालन हरणीचं न दिसणारं दुखणं

एका जंगलात, बाळांनो, आजारी पडायचीसुद्धा शिस्त होती. नीट मांडी घालून बसा आणि चुळबुळ करू नका, नाहीतर तुम्हालाही तपासायला पाठवावं लागेल.

त्या जंगलात एकच पाणवठा होता. उन्हाळ्यात तिथे भली मोठी रांग लागायची. आजारी जनावराला मात्र रांग माफ. फक्त त्याच्या कानाला धुंडिराज अस्वलाने पळसाचं पान अडकवलेलं हवं. धुंडिराज म्हणजे जंगलाचे वैद्य. ते जीभ बघायचे, नाक बघायचे, खूर बघायचे, शेपूट उचलून बघायचे. या चारांत खोट निघाली तर पान. नाही निघाली तर चला घरी.

शालन नावाच्या हरणीची या चारांत कधी खोटच निघेना.

रांगेत उभी राहिली की तिची छाती धडधडायची. घशात आवळा अडकल्यासारखं वाटायचं, पोटात ढवळायचं, डोळ्यांपुढे अंधारी यायची आणि ती धाडकन पडायची. मग कुणीतरी धुंडिराजांना बोलवायला जायचं. ते मध खात असले तर संपवून यायचे. तोवर आडवं पडून शालनला बरं वाटायला लागलेलं असायचं.

"जीभ छान. खूर उत्तम," धुंडिराज म्हणायचे. "शालन, तुला काहीही झालेलं नाही. अभिनंदन!"

"अहो वैद्यबुवा, पण मी पडते ना!"

"पडतेस. पण निरोगी पडतेस."

आणि शालनला पुन्हा रांगेच्या शेवटी उभं केलं जायचं. तिची पाळी येईपर्यंत पाण्याचा चिखल झालेला असायचा. पंधरा दिवसांत तिच्या बरगड्या दिसायला लागल्या. पण बरगड्या तपासायची पद्धत नव्हती.

रांगेतली मंडळी मदतीला तत्पर होती. "विचार करणं सोड गं," भागू रानडुकरीण म्हणाली. "माझ्याकडे बघ, मी कधी केलाय?" एका माकडाने तिला गुणगुणायला सांगितलं. शालन गुणगुणली, आणि गुणगुणता गुणगुणता पडली.

म्हातारी गोदाक्का कासवीण मात्र आपणहून तिच्याबरोबर वैद्यांकडे आली.

"धुंडिराजा, मेंदूपासून एक नस निघते," ती म्हणाली. "घशातून, काळजाजवळून, भटकत भटकत पार पोटापर्यंत जाते. हिची ती नस बिनसली असेल कदाचित."

"दाखव."

"आत असते रे. बाहेरून कशी दिसेल?"

"आणि कदाचित म्हणजे?"

"कदाचित म्हणजे कदाचित. मला पक्कं ठाऊक नाही."

गोदाक्का दीडशे वर्षांची होती. 'ठाऊक नाही' असं म्हणायची तिला लाज वाटत नसे. धुंडिराजांना फार वाटायची.

"मला ठाऊक नाही असा आजार या जंगलात नाही," ते म्हणाले. "आणि कदाचितला पान मिळत नाही."

बाहेर आल्यावर शालन रडली. खरंच रडली, बाळांनो. दुखण्यापेक्षा आपण खोट्या ठरलो हेच तिला जास्त लागलं होतं. रडून झाल्यावर तिने बाभळीचा एक चांगला काटा निवडला, पुढच्या उजव्या खुराच्या बेचक्यात खुपसून घेतला आणि लंगडत परत आत गेली.

"अरे बापरे!" धुंडिराज उठून उभेच राहिले. "केवढं हे दुखणं! आधी का नाही सांगितलंस?"

कानाला पान लागलं. मंडळींनी वाट दिली. भागूच्या तर डोळ्यांत पाणी आलं. शालन पोटभर प्यायली आणि सावलीत जाऊन बसली. रांगेत उभं राहायचंच नव्हतं, त्यामुळे ती पडली नाही. त्या दिवशी नाही आणि पुढचे चार दिवसही नाही.

सहाव्या दिवशी धुंडिराजांनी भर पाणवठ्यावर काटा उपसला आणि सगळ्यांना उंच धरून दाखवला.

"ही बघा ती भटकी नस!" ते गरजले. "सगळी चक्कर या काट्याची होती. काढला, रोगी बरी!"

टाळ्या पडल्या. धुंडिराजांनी शालनच्या कानाचं पान काढून घेतलं आणि तिला रांगेत पाठवलं.

दुसऱ्या दिवशी शालन पुढच्या डाव्या पायाने लंगडत आली.

गोदाक्का तिच्याकडे बघतच राहिली. "पोरी, असं किती दिवस?"

"एका काट्याचे पाच दिवस. पाय चार आहेत, आक्का. उन्हाळा निघेल."

"दुखत नाही का गं?"

"दुखतं ना," शालन म्हणाली. "पण हे दुखतं, असं सगळ्यांना पटतं."

तात्पर्य: आजारी पडण्यापूर्वी वैद्यांना काय काय तपासता येतं ते विचारून घ्यावं, आणि त्यातलंच एखादं निवडावं.