जोडीच्या फोटोला हार

आबासाहेबांचा राग अख्ख्या गल्लीला पाठ होता, पण त्या दिवशीचं कारण सबळ होतं. दाढी करून घरी येतात तर हॉलमध्ये त्यांच्याच फोटोला झेंडूचा हार.

बेत नातीचा, ऋतुजाचा. ती दोन वर्षं नोकरीसाठी मेक्सिकोत राहून आली होती. तिकडे म्हणे वर्षातून एकदा गेलेली माणसं घरी येतात. फोटो, झेंडू, मेणबत्त्या आणि त्यांच्या आवडीचं जेवण मांडायचं, गणगोत बोलवायचं. "आबा, आजीला बोलवू. मी सगळं बघते, तुम्ही फक्त बसा," असं ती छातीठोकपणे म्हणाली होती. पितृपक्षात कावळ्याला घातलंय की, असं पुटपुटत आबासाहेब कबूल झाले. पण गेलेली बायको सारजाबाई येणार म्हटल्यावर कडक भाकरी आणि शेंगाचटणी त्यांनी स्वतः जाऊन आणली.

"मला कशापायी हार? मी मेलोय व्हय?"

"आजीचा एकटीचा फोटोच नाही आबा. लग्नानंतर जत्रेत काढलेला हा जोडीचा एवढाच आहे. काल नातेवाइकांच्या ग्रुपवरही हाच टाकला, फुलांची चौकट करून."

तेवढ्यात जिन्यातून हंबरडा आला. टेंभुर्णीची मेहुणी, मायाक्का. "दाजी गेलं गं" करत ती आत आली आणि दारातच थबकली.

"जित्तं हायसा?"

"मग काय करू?"

"मी टेंभुर्णीपासनं रडत आले की. यष्टीतल्या बायकांनी पाणी पाजलं मला." आता तीच चिडली. "कळवायचं तरी, जित्तं हाय म्हणून."

आबासाहेबांचं डोकं फिरलं. "ऋतुजा, कात्री आण. काप मला त्यातनं."

ऋतुजाने फोटो चौकटीतून काढला, कात्री लावली आणि थांबली. कॅमेऱ्याला घाबरलेल्या सारजाबाईंनी नवऱ्याची बाही मुठीत गच्च धरली होती. आबांना कापायचं तर आजीची बोटं तुटत होती.

आबासाहेबांनी फोटो हिसकावून घेतला. बराच वेळ त्या मुठीकडे बघत राहिले. मग फोटोतल्या बायकोवरच भडकले. "फोटूत एवढं धरलं हुतंस, मग जाताना कसं सोडलंस?"

मायाक्काने पदर डोळ्यांना लावला, या वेळी बहिणीसाठी.

फोटो परत चौकटीत गेला. ऋतुजाने हार फक्त आजीच्या बाजूला अडकवला. जरा वेळाने तो घसरला आणि आबांच्या गळ्यात येऊन बसला. तिने पुन्हा सरकवला. तो पुन्हा आला.

"ऱ्हाऊ दे," आबासाहेब नातीला म्हणाले आणि फोटोवर खेकसले, "येतो की गं. भाकरी तरी खाऊ देशील का न्हाय?"