तिथीने अठरा

"नागू, पोर अठरा वर्षांचं होईपर्यंत हक्कानं घे. पण त्यानंतर त्या घरचा एक दाणा ठेवून घेऊ नकोस. घेतलास तर परत कर."

हनुमंतरावांनी लेकीला हे कोर्टाच्या पायरीवर बजावले होते. त्यांना जाऊन बरीच वर्षे झाली, पण नागलक्ष्मीच्या कानातून तो आवाज गेला नव्हता. म्हणून फाल्गुन शुद्ध दशमीला सेतुमाधव तिथीने अठरा पूर्ण झाला, तेव्हा तिने देवापुढे तुपाचा दिवा लावला, पायसाचा नैवेद्य दाखवला, तिरुच्चीला कॉलेजात असलेल्या मुलाला आशीर्वादाचे कार्ड टाकले आणि स्वतःशी म्हणाली, "संपलं एकदाचं." गूळ नेहमीएवढाच घातला होता, तरी त्या दिवशी पायस तिला गोड लागले नाही.

संपले होते ते मुलाच्या पोटगीचे भात. तिचा नवरा रघुपती दर महिन्याला तिरुवैयारूहून बैलगाडीत भाताची एक मूट, म्हणजे भरलेले पोते, घालून राजवाड्यामागच्या तिच्या बोळात स्वतः येई. "गडी मापात चोरतात," असे तो सांगे. पण मूट उतरली तरी तो लगेच निघत नसे. ओट्यावर बसून ताक घेई, मुलाचा अभ्यास विचारी, मग पुन्हा ताक घेई. बैल जू घालून घ्यायला मान पुढे करीत, तेव्हा कुठे उठे.

भांडण मुळात त्या दोघांचे नव्हतेच. सेतूच्या जावळाच्या जेवणात हनुमंतरावांचे पान दुसऱ्या पंगतीत मांडले गेले आणि व्याही व्याह्यांवर उठले. लेक माहेरी आली, दावा लागला, हुकूमनामा झाला. पुढे दोन्ही व्याही देवाघरी गेले, हुकूमनामा तेवढा दीर्घायुषी निघाला. नवराबायकोला तेव्हा कोणी विचारले नव्हते. नंतर आपण होऊन बोलायची दोघांनाही लाज वाटली. जे बोलायचे ते शेजारच्या वत्सलेच्या तोंडून.

दशमीनंतरच्या शुक्रवारी गाडी दारात उभी राहिली. नागलक्ष्मी ओलेत्या केसांनीच बाहेर आली.

"वत्सला, त्यांना सांग, गाडी परत न्या म्हणावं. पोरगा अठरा पुरा झाला."

"वत्सलाबाई, त्यांना सांगा, इंग्रजी तारखेला अजून पंधरवडा आहे. कोर्ट तारीख बघतं, तिथी नाही."

"सांग, कोर्टानं नाही वाढवलं त्याला. मी वाढवलं, आणि तिथीनं वाढवलं."

"अय्यो, दोघांनाही ऐकू येतंय की!" वत्सला कंबरेवर हात ठेवून म्हणाली. "माझं दूध उतू जातंय तिकडं." आणि ती गेली.

सवयीने दोघे तिच्या मोकळ्या जागेकडे बघूनच बोलत राहिले.

"वत्सलाबाई, सांगा, पोर अजून लहान आहे."

"वत्सला, सांग, मिशी फुटलीय लहान पोराला."

याच माणसाच्या वडिलांनी एकेकाळी कोर्टात 'एवढंसं पोर खाणार ते किती!' असा वाद घातला होता. आता तो स्वतः त्याच पोराला लहान ठरवायला घाम गाळत होता, आणि जिने भात मागून घेतले तीच नको म्हणत होती.

"उतरव रे," रघुपती गाडीवानाला म्हणाला.

"ठेव वर," नागलक्ष्मी म्हणाली.

गाडीवानाने उतरवली, चढवली, पुन्हा उतरवली. शेवटी मुटेनेच कंटाळून शिवण सोडली. भाताचा लोट नागलक्ष्मीच्या रांगोळीवरून थेट गटारापर्यंत गेला. कोपऱ्यावरच्या शेळ्यांना कोणी बोलावणे धाडले नव्हते, तरी त्या सहकुटुंब आल्या. राजवाड्याच्या बुरुजावरचे पारवे उतरले. मागून विटांची गाडी आली आणि अडकली. तिच्यामागे देवळातून परतणारे सांबशिव शास्त्री, काखेत पंचांग घेऊन.

"शास्त्री, बरे सापडलात!" रघुपती म्हणाला. "सेतू अठरा झाला की नाही, सांगा."

शास्त्र्यांनी सोवळे सावरून तिथेच पंचांग उघडले. "तिथीनं झाला. इथल्या तमिळ महिन्याच्या नक्षत्रानं उद्या होईल. तारखेनं पंधरवड्यानं." त्यांनी पंचांग मिटले. "पोर केव्हाही वयात येईल हो. तुमचं दोघांचं काय ते बघा. आणि आधी त्या शेळ्या हाका, मला जेवायचंय."

शास्त्री भिंतीला अंग घासत निघून गेले. रघुपतीने खाली वाकून मूठभर भात गोळा केले, आणि ते ठेवायला जागा न सापडून तसाच उभा राहिला.

"वत्सलाबाई," तो हळूच म्हणाला, "त्यांना सांगा, तारीख धरली असती तर ही एक फेरी हिशेबात बसली असती. शेवटची."

एवढी वर्षे आपण ताक देत आलो, पण 'जेवून जा' एकदाही म्हटले नाही, हे नागलक्ष्मीला त्या क्षणी टोचले. तिने पहिल्यांदाच त्याच्याकडे बघितले. केस पिकले होते. हे कधी झाले?

"शेळ्यांनी खाल्लं," ती म्हणाली, "पण माझ्या दारात खाल्लं. ही मूट माझ्यावर आली. मी परत करीन."

"छे, छे. अख्खी मूट कशी आणणार तुम्ही?"

"अख्खी कशाला? दर महिन्याला एक मरक्काल माप आणीन. बसनं."

रघुपतीने मनातल्या मनात मुटेतली चोवीस मापे मोजली. "म्हणजे फिटायला दोनेक वर्षं जातील."

"जाऊ देत."

"मरक्काल जरा लहानच असलं तरी..."

"बघू."

"हे आधी सुचायला हवं होतं," तो बैलांकडे बघत म्हणाला.

पुढच्या महिन्यात एका शुक्रवारी तिने पूजा आटोपली. उपवास होता, तो मोडला नाही. बाजारातून आणलेले भात मरक्कालात शिगोशीग भरले आणि पिशवीत ओतले. थोडा वेळ ती पिशवीकडे बघत राहिली. मग देवाकडे पाठ करून त्यातल्या दोन मुठी तिने काढून कणगीत टाकल्या, दाराला कडी घातली आणि तिरुवैयारूच्या बसकडे चालू लागली.